वरचा सूर फुटला

ग्वानाह्वातो, मंगळवार

प्रिय ओबदुलिया ताईस,
तुझ्या धाकट्या तेओचा नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊन येतं. आईचे गुडघे कसे आहेत? मिरच्या वाळत घातल्यास का?

शनिवारचा कार्यक्रम छान झाला. आम्ही तिघे टेनर, म्हणजे उंच पट्टीचे गायक, आधी ऑपेरातली इटालियन गाणी आणि मग आपली बोलेरो प्रेमगीतं. आईला सांग, शेवटी सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवत उभं राहिलं होतं.

तुला मात्र खरं सांगतो. ऑपेराच्या गाण्यात अगदी वरच्या सुराला माझा आवाज फुटला. महिनाभर तो असाच दगा देतोय. शेजारी आम्हा तिघा गायकांतला थोरला, एव्हारिस्तो होता. त्याने तोच सूर उचलला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. लोकांना वाटलं, ठरवूनच केलंय.

आत आल्यावर म्हणाला, "तुझं ओझं मी किती दिवस ओढू, बाबा? माझीच कंबर धरलीय."

"सर्दी झालीय," मी म्हटलं.

"महिनाभर? गुरुवारी घशाच्या डॉक्टरकडे चल. मी येतो बरोबर."

तेव्हापासून चैन नाही. उठतो, बसतो, हळूच सूर लावून बघतो आणि मध्येच थांबतो. बाबांचं आवडतं बोलेरो मात्र त्या दिवशी नीट गायलो. त्यात फार वर जावं लागत नाही.

गुरुवारी दुपारी फोन करेन. तो आईने उचलू नये, एवढं बघ. माझा आवाज ऐकला की काय झालंय ते तिला विचारावं लागत नाही.

तुझाच,
तेओ