दोन माईकांमधले अंतर

२४ एप्रिल १९६६, अमरावती
मुंबईच्या रेकॉर्डिंग कंपनीने ६ मेला मुलाखतीला बोलावले आहे. येताना प्रत्यक्ष कार्यक्रमाची, स्वतः केलेली स्टिरिओ टेप हवी. अकोल्यात सुंदराआत्याचे मंडळ बुद्धपौर्णिमेला गाते, तेच घेईन. कलाकार सामान्य आहेत. पण माईक योग्य लावले की कलाकारांचा प्रश्न फारसा उरत नाही. कॉलेजची दोन ट्रॅकची मशीन मिळाली. पद्धत ठरली : दोन माईक, सहा फूट अंतर. निर्णय अंतिम.

२७ एप्रिल
सहा फूट हे अडाण्यांचे काम. कागदावर आखून पाहिले : डावीकडे ढोलक, उजवीकडे पेटी आणि मधली आत्या गायब होणार. आता दोन्ही माईक एकाच जागी, एकावर एक, तोंडे काटकोनात. निर्णय अंतिम.

१ मे, अकोला
तालीम. आत्याने विचारले, दोन माईक एकाच जागी कावून? अमरावतीत जागेची टंचाई हाय का? मी डाव्या-उजव्या कानाचे तत्त्व समजावले. ढोलकवाले डोमाजी म्हणाले, पोरी, मले दोन्ही कानांनी सारखंच आयकू येते. डाव्यानं जरा कमी, पण ते म्हातारपण हाय. पेटीवाले जानराव रुसले. त्यांच्यापुढे वेगळा माईक नाही, म्हणजे अपमान!
लाऊडस्पीकरने ही माणसे बिघडवली आहेत. ज्याची ओळ आली त्याने उठून माईकपाशी जायचे, टिचकी मारायची, फुंकायचे, मग गायचे. माझ्या पद्धतीत प्रत्येकाने आपल्या जागी बसून गायचे असते, तरच कोण कुठे बसले आहे ते टेपवर कळते. खडूने जागा आखून दिल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिस्त लागायला एक तालीम पुरते.

३ मे
एकाच जागचे माईक आवाज चपटा करतात. मासिकात तिसरी पद्धत सापडली : सतरा सेंटिमीटर अंतर, एकशे दहा अंशांचा कोन. हीच शास्त्रीय. निर्णय अंतिम.
आत्याने विचारले, उद्या गाणं घेशीन का मापच घेत राहाशीन? मोठं गाणं मी एकदाच म्हणीन, माया घशाले काई चाबी नाई भरता येत. एकदा पुरेसे आहे असे तिला सांगितले.

४ मे, सकाळी
कोन तपासला. एकशे आठ निघाला. दुरुस्त केला. मुंबईत खोली कुठे पाहावी, दादरला की गिरगावात?

४ मे, संध्याकाळी
कार्यक्रम झाला. पाहुणे येतीन, जमीन मळकी दिसते, म्हणून डोमाजींनी खडूच्या खुणांवर सतरंजी अंथरली होती. मग जो तो उठून माईकपाशी. जानराव तर पेटीसकट सरकत आले. त्यांच्या धक्क्याने कोन बिघडला, तोही नेमका आत्याच्या मोठ्या गाण्यात. मी जागच्या जागी दुरुस्त केला. मशीन बंद पडू दिली नाही. प्रसंगावधान यालाच म्हणतात. टेप उद्या ऐकेन. दोष किरकोळ असतील, आणि ते मंडळाचे असतील.

५ मे
टेप ऐकली.
डाव्या कानात टिचक्या. उजव्या कानात फुंकर आणि जानरावांचा खोकला. आत्याचे गाणे कुठेतरी मागे, गोधडीखालून आल्यासारखे. आणि मध्ये, अतिशय स्वच्छ, एक बाई : एक मिनिट थांबा. अजून थोडा. जानराव, सरका. नाही, तिकडे नाही. हं, आता म्हणा.
आता काय म्हणणार? गाणे संपले होते.
आत्याने हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकले. म्हणाली, तुया आवाज लय मस्त आला वं बाई, जशी काई माया मांडीवर बसून बोलून राह्यली. पुन्हा म्हणशील का, असे मी विचारले. तिने गळ्याला हळदीचा लेप लावला होता. मान आडवी हलवली.
मुंबईची गाडी गेली. मी आत्याच्या घरीच आहे.
पद्धत मात्र निर्दोष होती. मी कुठे उभी होते ते ती टेप ऐकणाऱ्या कोणालाही डोळे मिटून सांगता येईल : बरोबर मध्ये, माईक आणि आत्या यांच्या.