डाव्या दाराची फट

॥ श्री ॥
नरपड, १८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितेश यास हरिश्चंद्रमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. फोन न करता पत्र लिहावे, हा मामाचा हट्ट तू पाळतोस, याचे समाधान आहे. शुद्धलेखनाच्या पाच चुका मात्र लाल शाईने दुरुस्त करून ठेवल्या आहेत.

आपली फियाट तळासरीला तुझ्या गॅरेजात गेल्यापासून चिकूच्या वाडीतली शेड ओकीबोकी वाटते. खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा कापून तू नवा जोडलास, हे उत्तम. आता दारे, मडगार्ड व बॉनेट यांमधील फटी सारख्या करायच्या. गाडी जॅकवर असताना दार बसवू नये. ती चाकांवर उभी करून, आत माणसांएवढे वजन ठेवूनच बसवावे, असे तू लिहिलेस. मला ते पटले. तेव्हा वजने कळवतो. माझे बासष्ट किलो. तुझ्या मामीचे, कालच्या तपासणीप्रमाणे, सेहेचाळीस.

डॉक्टरांनी आता केवळ वेदनेपुरती औषधे ठेवली आहेत. तिचे मागणे एकच आहे: याच गाडीत, पुढे माझ्या शेजारी बसून, एकदा चिंचणीला माहेरी जायचे. त्रेपन्न वर्षांपूर्वी ती याच गाडीतून नरपडला आली. डावे दार विशेष काळजीने बसव.

सौ. बकुळाचे आशीर्वाद. आम्हा दोघांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हरिश्चंद्रमामा


॥ श्री ॥
तळासरी, १२ डिसेंबर २०२४

ती. मामांस प्रितेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

गाडी चाकांवर उभी केली. तुमच्या सीटवर भाताची बासष्ट किलोची गोण, मामीच्या सीटवर सेहेचाळीसची. आमचे तुक्या मिस्त्री म्हणाले, मामांची गोण बघा, बसल्या बसल्या मामीच्या गोणीला काहीतरी सुनावतेय. बिजागरीखाली पातळ पट्ट्या घालून डावं दार तीनदा उतरवलं, चढवलं. आता एका बोटाने लागतं. फक्त फटीत दोन आगकाड्या घातल्या तर वर घट्ट बसतात, खालच्या कोपऱ्यात सैल. जुन्या बॉडीत एवढं राहतंच, मामा.

बावीस तारखेला रविवार आहे. गाडी घेऊन येऊ? तुम्ही लगेच मामीला चिंचणीला न्या. पत्रातल्या चुका काढा, पण हो म्हणा.

मामीला नमस्कार. रागावलात तरी जवळचा समजून रागवा.

आपला,
प्रितेश


॥ श्री ॥
नरपड, १७ डिसेंबर २०२४

चि. प्रितेश यास अनेक आशीर्वाद.

रविवारी गाडी आणू नकोस. बकुळाच्या माहेरची माणसे ओटीवर उभी राहून पाहतील. तिला मी कललेल्या दाराच्या गाडीतून आणले, असे त्यांनी म्हणता कामा नये. आयुष्यात मी तिला फारसे काही दिले नाही. हे एक तरी निर्दोष द्यावे.

तिचे वजन आता एकेचाळीस आहे. गोण तेवढी हलकी करून दार पुन्हा बसव. राग मानू नकोस. आमचा जीव तुझ्यावर आहेच.

तुझा,
हरिश्चंद्रमामा


॥ श्री ॥
नरपड, २ जानेवारी २०२५

प्रितेश बाळा, मामीचे आशीर्वाद.

तुझे मामा औषधं आणायला डहाणूला गेलेत, तोवर लिहिते. अक्षर वाकडं येतंय, पण तू काय लाल शाई घेऊन बसला नाहीस.

माझं वजन पाच किलोने उतरलं म्हणून दार हलत नाही, हे मलाही कळतं रे. त्यांना बोलू नकोस. काटा बघून तुला लिहिण्यात त्यांचा दिवस जातो. तू सरळ कळवून टाक, फट सारखी झाली म्हणून. फट बाहेरच्याला दिसते. मी आत बसणार. माहेरी वहिनीच्या हातचं बोंबलाचं कालवण खाता नाही आलं तर वास घेईन. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी.

आता फार वेळ बसवत नाही. लवकर कर.

तुझी,
मामी


॥ श्री ॥
नरपड, १७ जानेवारी २०२५

चि. प्रितेश यास आशीर्वाद.

फट सारखी झाली, असे तू कळवलेस. म्हणून परवा एसटीने अचानक आलो. काड्या खाली सैलच पडल्या. तुक्या मिस्त्रींनी मान फिरवली. मामा, आजच्या आज गाडी न्या, पाया पडतो, असे तू म्हणालास. मी न ऐकता परतलो. तुला खोटे बोलायला कोणी शिकवले?

दार पुन्हा उतरव. बकुळाचे वजन छत्तीस.

हरिश्चंद्रमामा


नरपड, १५ फेब्रुवारी २०२५

प्रितेश,

दहाव्याला तू गाडी आणलीस. अंगणात पाहुणे बसले असताना मी खिशातून काड्या काढून फट तपासली. वर घट्ट, मध्ये घट्ट, खाली घट्ट. सगळे पाहत होते.

नंतर तू तिचे पत्र माझ्या हाती दिलेस. पाच किलोंनी दार हलत नाही, हे तिला कळत होते. मलाही कळत होते.

रुग्णवाहिकेत चढवताना तिने विचारले, आपली गाडी आली का. मी म्हणालो, खालचा कोपरा तेवढा राहिला आहे. मी तिच्याशी बोललेले हे शेवटचे वाक्य.

तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट लिहितो. तुझे डिसेंबरचे पत्र मी तिला वाचून दाखवले होते. माझे उत्तर दाखवले नव्हते. त्या रविवारी बकुळा आपली आपण आंघोळ करून, जांभळी साडी नेसून, दुपारपर्यंत ओटीवर बसून होती.

तुझा,
मामा