ओल्या मातीतला करंट

१८ नोव्हेंबर
पुन्हा आले होते! कोबीच्या तालीत, उतारावरच्या त्या पायरीत, जागोजाग भोकं. बोटाएवढी, जोडीजोडीनं. सळया खुपसल्याची. मधे गमबुटांचे ठसे. हे लोक उजाडायच्या आत येतात, दोन लोखंडी सळया मातीत रोवतात, पाठीवरच्या बॅटरीचं बटण दाबतात — की मातीतली गांडुळं तडफडत वर! वेचायची, पोत्यात भरायची, मलांग शहरातल्या व्यापाऱ्याच्या गळ्यात मारायची. पिंजऱ्यातल्या पाखरांना घालतात म्हणे.
कास्नो बांधावर उभा राहून शिव्या देत होता. ऐकायला मी आणि समोरचा अर्जुनो डोंगर. नवऱ्याच्या तोंडून असल्या शिव्या लग्नानंतर इतक्या वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

२१ नोव्हेंबर
पावसानं झोडपून काढलं. पाणी जिरतच नाही! मातीवर खपली धरलीय, पातेल्यावर झाकण घालावं तशी. पूर्वी हेच शेत कितीही पाणी पिऊन गप्प बसायचं. आज वरून पिवळं पाणी सुसाट सुटलं, मिरचीची रोपं मुळासकट घेऊन गेलं. कास्नो बांधाला दगड लावत होता, पाणी त्याच्याच अंगावरून. “सोडा!” मी ओरडले. “अहो, सोडा तो बांध, मराल!” सोडला नाही. शेवटी तिसरी ताल बांधासकट खालच्या तालीवर कोसळली. हा कसाबसा बाजूला झाला, नाहीतर त्यातच गेला असता.
जेवताना सुका मासा नुसता चिवडत बसला. म्हणाला, “एक जण सापडू दे फक्त.”

२२ नोव्हेंबर
कास्नोचे चुलते आले, साकिमान काका. ढेकूळ हातात घेऊन दाबत होते, फुटेना. म्हणाले, “गांडुळं त्यांनी नेली, खरंय. पण वर्षानुवर्षं औषधं मारून अर्धी तूच मारलीस की रे.”
“काका, चहा घ्या आणि जा.”
ते गेले. चहा न घेताच.

२९ नोव्हेंबर
गावाची बैठक. आता पाळीपाळीनं पहारा. नाक्यावर लाकडी ढोल टांगलाय, चोर दिसला की वाजवायचा. गावप्रमुख पाक हार्यो म्हणाले, “पकडा, पण हात लावू नका. सरळ पोलिसांकडे द्या.” मागून कुणीतरी म्हणालं, “पाय लावले तर चालेल ना?” सगळे हसले. मीही हसले.

३ डिसेंबर
आज नाही लिहवत.

४ डिसेंबर
लिहिते. कुठेतरी हे असायला हवं.
काल सकाळी ढोल वाजला. मी चुलीवरचा भात तसाच टाकून पळाले. आमच्याच शेतात दहा-बारा माणसं. मधे पाइरान. खालच्या गावचा, तुमिराचा नवरा. गेल्या साली आमच्या कोबीच्या पाट्या ट्रकपर्यंत यानंच वाहिल्या होत्या. बोलघेवडा, पाटी डोक्यावर असली तरी बडबड चालूच. काल नाक फुटलेलं, हात मागे बांधलेले. मला बघून म्हणाला, “म्बाक याती, ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना! पुन्हा नाही येणार. आईशप्पथ नाही येणार!”
मी काय सांगणार होते? मला तेव्हा वाटलं, दोन-चार खाईल आणि सुटेल. वाटलं, बरं झालं.
कास्नोनं त्याच्याच सळया उचलल्या. “गांडुळाला कसं वाटतं, बघू दे की यालाही.” खाली बसून त्याचे गमबूट ओढून काढले. पाइराननं पाय झाडले, तर कोणीतरी त्याच्या पोटरीवर काठी घातली. बांधावर उभा केला, दोन्ही बाजूंना सळया रोवल्या. बटण दाबलं. काही नाही! बोटं जरा आखडली, एवढंच. वरची माती वाळून कडक झाली होती, तिच्यातून काय जाणार? सगळे हसले. पाइरानही हसला. रक्ताळल्या तोंडानं हसला तो — वाटलं असेल, हसणं झालं की आता सोडतील.
मग कास्नो म्हणाला, “इथं लागत नाही. पाण्यात आणा.”
तिसरी ताल कोसळली तिथं घोट्याएवढं पाणी साचलंय. तिथं फरपटत नेला. आता तो हसत नव्हता, बोलतही नव्हता. पाइरान आणि गप्प! कास्नोनं बॅटरी बांधाच्या तुकड्यावर ठेवली. सळया चिखलात सहज गेल्या, लोण्यात सुरी जावी तशा. बटण दाबलं.
तो काठीसारखा ताठ झाला. आणि तोंडावर पडला, आडवा, दोन सळयांच्या मधोमध. हात बांधलेले, टेकणार कशाला! पाणी उडायला लागलं. कुणीतरी किंचाळलं, “बंद कर! बंद कर!” कास्नो बटणाकडे बघतच राहिला. पाण्यात पाय घालायची कुणाची छाती होईना. मी बांधावरून धावले, बॅटरीची वायर हिसकली. तळहाताचं सालपट निघालं.
उलटा केला तेव्हा तोंड चिखलानं भरलेलं. मी बोटं घालून चिखल काढत राहिले. बराच वेळ. साकिमान काका खांद्याला धरून म्हणाले, “पुरे, पोरी. गेला तो.”
आणि मग — हे सगळ्यात वाईट — सगळे एकदम कामाला लागले. कुणी हात सोडले, कुणी दोर गुंडाळला. कुणी म्हणालं, “घसरून पडला. स्वतःच्याच सळयांवर.” दुसरा म्हणाला, “हो, पाय उघडे होते त्याचे.” असं म्हणत तो गमबूट उचलून ओढ्याकडे गेला.

५ डिसेंबर
पोलीस आले. मी चहा केला, भरपूर साखर घालून. सगळ्यांनी एकच सांगितलं. साहेबानं मला विचारलं, “बाई, तुम्ही काय पाहिलंत?”
कास्नो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.
“ढोल ऐकून आले. तोवर होऊन गेलं होतं.”
साहेबानं कप खाली ठेवला. चहा चांगला झालाय म्हणाला.

१० डिसेंबर
काल पाइरानच्या सातव्या दिवसाची प्रार्थना. बायका सकाळपासून रांधायला जमतात, न जावं तर लोक बोलणार. तांदूळ आणि सोयाबीनचं तेंपे घेऊन खाली उतरले. तुमिरा कांदा चिरत होती. मान वर केली नाही.
“तळवे काळे पडले होते त्याचे. आंघोळ घालणाऱ्यांनी सांगितलं.”
मी तेंपे खाली ठेवलं.
“संडासलाही बुटांशिवाय जायचा नाही तो. करंटला भ्यायचा, म्हणून. त्याचे बूट कुठायत, म्बाक?”
आजूबाजूच्या बायकांच्या सुऱ्या थांबल्या. मी म्हटलं, मला नाही माहीत.
“बरं,” म्हणाली. आणि कांदा चिरायला लागली.

११ डिसेंबर
तुमिरानं बुटांचं विचारलं, ते कास्नोला सांगितलं. त्यानं थोबाडीत मारली. मग भिंतीशी बसून माझ्याकडे असं बघायला लागला, जसं मीच त्याला मारलंय.

१७ डिसेंबर
तो दिवसभर तिसरी ताल खणतो. शेण घालतो, पालापाचोळा घालतो, पुन्हा खणतो. तिथं लावायचं काहीच नाहीये.
माझ्याशी कामापुरतं बोलणं. मी त्याच्या हातांकडे बघत नाही.

२३ डिसेंबर
डावा खांदा सुजलाय. उजव्या हातानं लिहिता येतंय, तेवढं नशीब.
सकाळी ढग भरून आलेले. शेताकडे बघते तर तुमिरा! पाठीवर बॅटरी — पाइरानच्या भावाची असणार — पायात मापापेक्षा मोठे गमबूट, हातात सळया. आमच्या कोबीत! लपणं नाही, घाई नाही. रोवते, बटण दाबते, वाकून वेचते. मिळत काहीच नव्हतं. चार-दोन किडमिडी गांडुळं असतील.
कास्नोनं ढोल बडवला. माणसं आली, पण बांधाच्या वरच थांबली. पाक हार्योही आले नि जागीच उभे राहिले.
तुमिरा ओरडली, “या ना! लांब का उभे? बाईच आहे, एकटीच आहे! बूट मी स्वतःच काढू का?”
कुणी हललं नाही. फक्त कास्नो कुदळ उचलून खाली धावला. “निघ! निघ माझ्या शेतातून!” त्याचा आवाज त्याचा वाटतच नव्हता. मी मधे गेले. कुदळीचा दांडा माझ्या खांद्यावर बसला, काहीतरी कडकन वाजलं. त्याच वेळी पाऊस कोसळला. दोन-चार थेंब वगैरे नाही, एकदम धबधबा! वरच्या तालींचं सगळं पाणी एका घळीतून आमच्यावर. पायाखालचा बांध पहिल्यांदा थरथरला, मग गेला. मी कमरेपर्यंत चिखलात, वरून पाणी तोंडावर. श्वास घ्यावा तर माती. वाटलं, त्याला असंच झालं असेल.
तुमिरानं पाठीवरची बॅटरी लांब भिरकावली आणि माझे केस धरले. केस! दुसरं काही हाताला लागलंच नसेल. ओढलं मला, शिव्या देत ओढलं. दोघी खालच्या तालीत जाऊन पडलो.
मी खोकून माती थुंकत होते. ती शेजारी धापा टाकत होती. म्हणाली, “बूट.”
मी म्हटलं, “कास्नोनं काढले. आधी कोरड्यावर उभा केला होता, लागेना. म्हणून पाण्यात नेला. मुद्दाम नेला.”
ती रडली नाही. तिनं तोंडावरचा चिखल पुसला नि माझ्यावरून नजर उचलून वर बघितलं. तुटलेल्या बांधावर कास्नो उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

२४ डिसेंबर
तो काल घरी आला नाही. साकिमान काकांकडे निजला म्हणे. हाड बसवणारी म्हातारी येऊन खांदा बांधून गेली. जाताना दारातच म्हणाली, “गावाविरुद्ध गेलीस तर उद्या तुझ्या बांधाला हात लावायला कुणी येणार नाही.”
“काल तरी कोण आलं होतं?” मी म्हटलं.

२६ डिसेंबर
पोलीस चौकीत जाऊन आले. तुमिरा बाहेर बाकावर बसून होती. सगळं सांगितलं. माझं ते आधीचं खोटंही.
घरी पोचले तर कास्नो चुलीपाशी. भात लावलेला, मिरची वाटत होता.
“सांगितलंस?”
“हो.”
“पाण्यात नेल्याचंही?”
“तेही.”
त्यानं मान हलवली. दोन ताटं घेतली. माझ्या बांधलेल्या हाताकडे बघून मासा काटे काढून वाढला. आम्ही जेवायला बसलो. खालच्या वळणावर जीप चढत असल्याचा आवाज येत होता.