ढाल परत गेली

शुक्रवार, १४ जानेवारी १९३८. वाशीम

संक्रांत. आईने उजाडताच तिळाचं तेल चोळून कढत पाणी दिलं. दोन घास खाऊन मैदानावर पळालो – फक्कीच्या रेघा मारायच्या होत्या.

हुतुतूचा शेवटचा सामना, अकोल्याच्या शाळेशी. माझ्या वर्गातला हेमसिंग एका चढाईत चार जणांच्या हातून निसटला. जिंकलो. ढाल हातात आली. तेवढ्यात अकोल्याच्या कप्तानाने हेमसिंगच्या पोटरीवरून रुमाल फिरवला आणि पंचांपुढे धरला. तेलकट! ढाल परत गेली.

शनिवार, १५

तेल लावलं की पकड सुटते, म्हणून नियमाने बंदी. गावभर एकच बोलणं – ड्रिल मास्तर सैफुद्दीन यांनी मुलाला तेल लावून उतरवलं.

गेल्या वर्षी हात लागलेला पंचांना दिसला नव्हता, तरी हेच मास्तर आपल्याच खेळाडूवर ओरडले होते, "लागला ना हात? मंग निंग बाहीर." त्या माणसाने तेल लावायला सांगितलं? मला काही कळत नाही.

सोमवार, १७

शिक्षकांच्या खोलीत भांडण. हेडमास्तर जगदेवराव – "शाळेला शील हवं. लबाडी शिकवणारा माणूस नको." गणिताचे मास्तर हसले. "दोन वर्सं ढाल आली तवा तुमी तिच्यासंगं फोटो काढला, साहेब. तवा शील कुठी ठेवलं होतं?" कोणी म्हणालं, खेळच बंद करा.

मला दोन्ही बाजू पटल्या. नेहमीसारखंच.

मंगळवार, १८

हेमसिंगला समोर उभं केलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा मुलगा. गावात सात घरी वार लावून जेवतो, एक वार आमचा. "तेल कोणी लावलं?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. माझ्याकडे का? मी त्याला मराठी शिकवतो, म्हणून असेल.

सैफुद्दीन मास्तर उठले. "पोट्ट्याले काहून छळता? म्या सांगतलं लावाले. लिहून घ्या."

इतक्या सहज! विश्वास बसला नाही. लिहून मात्र घेतलं. अक्षर चांगलं म्हणून ठराव माझ्याकडेच असतात. 'शीलभ्रष्ट' हा शब्दही मीच सुचवला. हेडमास्तर 'लबाड' म्हणत होते, तो मला ग्राम्य वाटला.

बुधवार, १९

मास्तरांना काढलं. माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं.

गुरुवार, २०

दुपारच्या गाडीने ते गेले. स्टेशनवर मी एकटाच. "आता तरी खरं सांगा," म्हटलं. त्यांनी वळकटी आत ढकलली. "घरी जा, मास्तर. मायले माहा सलाम सांगजा."

आईला हे कधी भेटले? विचारेपर्यंत गाडी हलली.

शुक्रवार, २१

शुक्रवार हेमसिंगचा. पान वाढून ठेवलं होतं, तो आला नाही.

आई म्हणाली, "काहून नाही आला? सणाच्या दिशी तू गेल्यावर आलता. पाय लय उलले होते त्याचे, भेगाच भेगा. आंगोळीआधी तेल लावलं, मंग पुन्हा पोटऱ्याइले लावलं. दुसऱ्या दिशी थे ड्रिल मास्तरबी पुसाले आलते. मने, माय, कोणाले सांगू नका. तुमच्या लेकाची नोकरी जाईन."

ठराव माझ्या अक्षरात आहे.