'आदर्श कीडमुक्त बाग' हा फलक काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. कीड नियंत्रण अधिकारी,
फळबाग कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझी अक्रोडाची बाग किडकी आहे हे मान्य होऊन फवारणी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनाचे पत्र.
२) माझे आधीचे दोन अर्ज व त्यांवरील आपला शेरा, 'प्रश्न उद्भवत नाही'.

महोदय,

१. आपल्या कार्यालयाने माझ्या बागेत सहा कामगंध सापळे टांगले आहेत. मादीच्या वासाला भुलून नर पतंग आत येतो व चिकट पट्टीला चिकटतो. आपले निरीक्षक दर सोमवारी पतंग मोजतात. एका सापळ्यात दहाच्या वर निघाले तरच उंच झाडांचे फवारणी यंत्र मिळते. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही.

२. माझ्या बागेत सलग सात सोमवार शून्य पतंग निघाले. आपण फाटकावर फलक लावलात, पाठोपाठ अभ्याससहल आली. सहलीतल्या एका बाईंनी अक्रोड फोडला तर आत अळी. ती बाहेरून आली असावी, अशी नोंद निरीक्षकांनी केली. बंद कवचात ती कुठल्या वाटेने आली, हे नोंदीत नाही.

३. शून्याचे कारण मागच्या सोमवारी सापडले. माझे सासरे नगर स्वच्छता खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे राहतात. तपासणीच्या दिवशी कुठे डाग दिसता कामा नये, हा त्यांचा नोकरीतला शिरस्ता. त्यामुळे दर सोमवारी सकाळी ते शिडी लावून सहाही पट्ट्या रॉकेलच्या बोळ्याने पुसतात. आता पट्टीचा चिकटपणाही गेला आहे. पतंग येतात, घटकाभर बसतात आणि निघून जातात.

४. मी त्यांना परोपरीने समजावले. ते म्हणाले, "जावईबापू, लेखी आदेश असेल तर दाखवा. तोंडी सांगण्यावरून मी आजवर बादलीसुद्धा हलवलेली नाही." पत्नीकडे दाद मागितली, तर तिने मलाच गप्प केले. इथे आल्यावर दोन महिने ते खिडकीशी मुके बसून होते; आता शिडीवर शीळ घालतात. खरे सांगायचे तर ती शीळ मलाही आवडते.

५. परंतु महोदय, अकरा वर्षे झाडे वाढवल्यावर आलेले हे पहिले भरघोस पीक आहे. शंभर अक्रोड फोडले, एकेचाळीस किडके निघाले. ते गेलेच, पण अळीची पुढची पिढी अजून कवचाबाहेर आहे. या आठवड्यात फवारणी झाली तर उरलेले वाचतील. नाही झाली तर तोडणीला माझ्या आधी अळ्याच हजर असतील. मला रात्रंदिवस दुसरे काही सुचत नाही.

६. सबब, फलक उतरवावा व यंत्र धाडावे. शिवाय सासऱ्यांच्या नावे जावक क्रमांक व गोल शिक्का असलेला आदेश काढावा, की त्यांनी पट्ट्या पुसू नयेत, पतंग मोजावेत. 'मानद पतंग-गणक' असे पद दिल्यास ते आनंदाने रुजू होतील. आदेशात रागावू नये, ही खास विनंती.

आपला आणि सासऱ्यांचा नम्र,
(सही)
अक्रोड बागायतदार
दिनांक : १८, सोमवार

सोबत : किडके अक्रोड, नग पाच, अळ्यांसह.

टीप : घरचे टपाल सासरेच टाकून येतात. पाकिटातले अक्रोड धुतलेले व रिकामे निघाल्यास तोच पुरावा समजावा.