डब्याच्या सांध्यावरची चमकी

मी, खाली सही करणारी, ब्यूटी पार्लरची मालकीण, वय वर्षे त्रेसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गेल्या वर्षीच्या झटक्याने डावा हात जड झाला, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावे.

१. पार्लर, खुर्च्या आणि आरसे केस कापणाऱ्या माझ्या सहकारी बाईंना. गिऱ्हाइके माझ्याआधी त्यांना विचारतात, हे मला ठाऊक आहे.

२. दिवंगत पतीकडून आलेला घराचा निम्मा हिस्सा धाकट्या दिरांना. भिंतीपलीकडचे त्यांचे घोरणे इतकी वर्षे ऐकले, ते माफ.

३. आता मुख्य गोष्ट. माझी आयुष्यभराची बचत क्रिप्टोमध्ये आहे आणि तिची किल्ली म्हणजे अंगठ्याएवढे हार्डवेअर वॉलेट, पेनड्राइव्हसारखे, पिन टाकल्यावरच उघडणारे. ते कापूस ठेवायच्या स्टीलच्या डब्यात असते. झाकणाच्या सांध्यावर मी चमकीच्या नेलपॉलिशचा जाड थर देते आणि फोटो काढून ठेवते. चमकीचे कण दोनदा सारखे बसत नाहीत. कोणी डबा उघडला की फोटो चुगली करतो.

मी इस्पितळात असताना भाऊजींनी, म्हणजे याच धाकट्या दिरांनी, डबा उघडला. मग त्याच बाटलीतले नेलपॉलिश लावून ठेवले. बाटली तीच म्हणजे कोणाला कळणार, असा त्यांचा हिशेब. घरी येऊन मी फोटोशी ताडून बघण्याआधीच धाकटी जाऊ, म्हणजे त्यांचीच बायको, माझ्या खाटेशी येऊन बसली.

“ताई, डबा यांनी उघडला. दोनदा चुकीचा पिन टाकला. तिसऱ्यांदा टाकत होते, तेव्हा मी हातातून ओढून घेतलं.”

“का गं?”

“स्क्रीनवर आलं होतं, आता चुकलात तर सगळं पुसलं जाईल. तुमचं आहे ते.”

पुसलेले परत मिळवायचे चोवीस शब्द मी कुठेही न लिहिता पाठ केले होते. अतिशहाणपणा नडला, झटक्यात तेच शब्द गेले, पिन तेवढा बोटांत राहिला. धाकटीने हात धरला नसता तर म्हातारपणी मी भिकेला लागले असते. नवऱ्याविरुद्ध खरे बोलून ती त्याच घरात नांदते आहे. हे उपकार फिटणारे नाहीत. भाऊजींवर राग आहे, पण त्यांच्यामुळे ही बाई मला कळली, म्हणून अर्धाच.

सबब वॉलेट आणि त्यातले सर्व काही एकट्या धाकट्या जावेला. बरी झाल्यावर पिन टाकून मी सगळी बचत नव्या चोवीस शब्दांखाली हलवली; पिन व हे नवे शब्द वकीलबाईंकडे सीलबंद आहेत, ते तिच्याच हाती द्यावेत. सल्ला द्यायला भाऊजींनी सोबत जाऊ नये.

४. आज साक्षीसाठी धाकटी आपणहून पेन घेऊन पुढे आली. वकीलबाई म्हणाल्या, “ज्यांना मिळायचंय त्यांची सही चालत नाही.” तिला तेव्हा कळले.

“मग मला नको काही,” ती म्हणाली. “ताईंच्या कागदावर माझी सही असू दे.”

तिचे म्हणणे नोंदवून घेतले आहे. मंजूर केलेले नाही.

लिहून ठेवणार: पार्लरवाली (सही)
साक्षीदार: १. समोरचे औषधवाले (सही) २. टायपिंगवाले काका (सही)
स्थळ: पार्लर, मधल्या खुर्चीत बसून
दिनांक: ९ मार्च २०२६