अप्पांच्या चाली, पाच रेघांवर

१२ मार्च १९५५, बारामती

बँडमालक मानसिंगनं आज चांगलाच घोळ घातला! हनुमान जयंतीला इंदापूरच्या सप्ताहाची दिंडी, बँड आपला—पण सिनेमाची गाणी चालणार नाहीत. तिथल्या सोपानअप्पांच्या भजनाच्या चाली वाजवायच्या. "संभाजीराव, पलटणीत इंग्रजी नोटेशन शिकून आलायसा नव्हं? मग जावा, उतरवून आणा!" बँडची सगळी माणसं कौतुकानं माझ्याकडं बघायला लागली.

त्यांना काय ठाऊक! डावा कान बर्म्यात तोफेनं नेला. उजवाही या वर्षी जायला लागलाय. समोर कागद असला की बोटं आपोआप पडतात. क्लार्नेटचा हादरा दातांना कळतो, ढोलाच्या काठीवर नजर ठेवली की ठेका सुटत नाही. असं निभावतोय. पण कागदावर नसलेलं गाणं कानानं उचलायचं म्हणजे! मानसिंगला कळलं तर दुसऱ्या दिवशी क्लार्नेट त्याच्या मेव्हण्याच्या हातात. बायको कुशा सोडून कुणाला हे माहीत नाही. ती म्हणते, सांगून टाका. काय सांगू, कपाळ?

१५ मार्च

इंदापूरला जाऊन आलो. एस.टी.त उभ्यानं. अप्पा मारुतीच्या पारावर बसलेले, थेट रानातनं आलेले, पायाला चिखल. माझ्या नोटेशनच्या पाच रेघा बघून हसले. "ही काय बैलगाडीची चाकोरी काढलीस? ह्यात द्येव बसतोय व्हय?"

म्हटलं, बसवतो. तुम्ही म्हणा.

आवाज घोगरा, खालचा. निम्मं कळलं, निम्मं नाही. दिली थाप ठोकून—लिहायला वेळ लागतो अप्पा, परत म्हणा. परत म्हणाले, तर तिसऱ्या ओळीत भलतंच वळण! म्हटलं, मघाशी असं नव्हतं. तर म्हणतात, "मघाची येळ गेली. ही आताची हाय." डोकंच फिरलं माझं! पलटणीतला बँडमास्तर असता तर म्हाताऱ्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

शिवाय खोड अशी की ठेका माझ्या गुडघ्यावर धरतात. शेतकऱ्याचा हात! गुडघा सुजलाय. पण खरं सांगायचं तर ठेका तेवढा त्यामुळंच कळला.

१९ मार्च

परत म्हणा, परत म्हणा, परत म्हणा. दिवसभर माझ्या तोंडी हेच. अप्पा चिडतील असं वाटत होतं, चिडले नाहीत. उलट प्रत्येक ओळ गिळताना दुखावं तशी सावकाश म्हणतात. ते तिसऱ्या ओळीचं वळण शेवटी लिहून घेतलं. आहेच तसं देखणं, काय करता!

२८ मार्च

संपलं. कान गेला!

मारुतीच्या अभंगाची चाल तेवढी राहिली होती. अप्पा समोर बसले, म्हणू लागले. तोंड हलतंय, मानेच्या शिरा ताणल्यात—आणि मला काहीच नाही! सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकचा भोंगा मात्र ऐकू आला. हा कुठला न्याय? तसाच हसलो नि म्हणालो, परत म्हणा.

अप्पांनी माझ्याकडं निरखून बघितलं. वाटलं, धरला चोर! पण त्यांनी परत म्हटलं. परत काही नाही. मग त्यांनी कागद स्वतःकडं ओढला. पाच रेघांवर बोट ठेवलं नि वर नेलं. थांबवलं. हळू खाली घसरवलं. दुसरा हात माझ्या गुडघ्यावर, ठेका धरून. चाकोरी म्हणून हिणवणारा हाच तो माणूस! मी मुकाट्यानं बोटामागं टिंबं मांडत गेलो. सगळी चाल अशी उतरली. निघताना पाया पडलो तर नुसती मान हलवली.

त्यांना कळलंय. नक्की कळलंय.

३१ मार्च

मानसिंग मागनं हाका मारत होता म्हणे. कुशा मध्ये पडली म्हणून वाचलो.

६ एप्रिल

नवीन संकट. इंदापूरहून निरोप आलाय, अप्पा उद्या म्हणणार नाहीत! नुसते पुढं चालणार. चाल बँडनं धरायची, मंडळी मागनं म्हणतील. मी तर अप्पांच्या तोंडाकडं बघून वाजवणार होतो! म्हातारा मला चारचौघांत उघडा पाडणार. त्यांनी सरळ सांगायचं होतं मानसिंगला, हे असलं कशाला? फार राग आलाय. भीतीही वाटतेय, खोटं कशाला लिहू.

७ एप्रिल

इंदापुरात सकाळी दिंडी निघाली. कागद पुढच्या वाजंत्र्याच्या पाठीला टाचलेला. चौकापर्यंत सगळं ठीक. तिथं मारुतीच्या अभंगाची चाल धरली. अप्पांच्या बोटानं काढलेली, जिथं थांबले तिथं थांबत, घसरले तिथं घसरत.

मान वर केली तर ढोलाची काठी थांबलेली! टाळ खाली. मंडळी उभी. भर चौकात मी एकटाच वाजवतोय! केव्हापासनं, कुणास ठाऊक. थांबलो. अप्पांच्या डोळ्यांत पाणी. माझी लाज वाटली असणार. मानसिंग जवळ येऊन काहीतरी म्हणाला, मी हो म्हटलं. काय ते देव जाणे.

कुशा माहेरी इंदापुरातच राहिली. मी एकटा परतलो. उद्या क्लार्नेट पुसून देऊन टाकायचं.

८ एप्रिल

कुशा सकाळच्या गाडीनं आली. उजव्या कानाशी तोंड लावून ओरडली, "अवं, कुणाला काय बी कळलं न्हाय! समदी गप झाली ती ऐकायला. बाया रडत हुत्या—अप्पांचाच गळा हाय म्हणत!" मानसिंगनं विचारलं होतं, पुढच्या वर्षीही हेच वाजवाल ना?

मग कुशानंच सांगितलं, अप्पांचा आवाज माघापासनं बसत चालला होता. पाडव्यानंतर पुरता गेला. आता येणार नाही म्हणालेत डॉक्टर.

म्हणजे त्या दिवशी माझा कान गेलाच नव्हता. आवाजच निघाला नव्हता!

आणि मी हसून म्हणालो, परत म्हणा.

आणि ते परत म्हणाले.